खिडकी उघडी की बंद?

एका वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात : आठ महिन्यांपूर्वी आम्ही नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. घर रस्त्याला लागून आहे. धूळ येऊ नये म्हणून रबरी पट्टीच्या, घट्ट बसणाऱ्या सरकत्या खिडक्या करून घेतल्या. फर्निचर सगळं नवं, झोपायच्या खोलीत स्प्लिट एसी. इतकं करूनही रोज सकाळी उठल्यावर माझं डोकं जड असतं. ऑफिसला पोचेपर्यंत उतरतं. सहा वर्षांच्या मुलीला उठल्याबरोबर शिंका सुरू होतात. कपाट उघडलं की डोळे चुरचुरतात. झाडं आणली, प्लगला लावायचं सुगंधी यंत्र आणलं. हवेतली धूळ मोजणारं छोटं यंत्रही घेतलं, त्यावर कायम हिरवा दिवा असतो. सासूबाई मात्र पहाटे पाचला उठून घरभर खिडक्या उघडतात आणि मी उठले की बंद करते. यावरून रोज कुरबुर होते. नवरा म्हणतो, प्रत्येक खोलीत एअर प्युरिफायर लावू, वाद मिटेल. कोणता घ्यावा? आणि सासूबाईंना कसं समजवावं?

ताई, तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी थांबले. ‘ऑफिसला पोचेपर्यंत उतरतं.’ घर सोडलं की बरं वाटतं, हे तुम्ही ओघात लिहून गेलात, पण मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. म्हणून प्युरिफायरचं जरा बाजूला ठेवून आधी एक विचारते, आणि याचं उत्तर आजच शोधा. घरात गॅसवर चालणारा गीझर आहे का? असेल तर कुठे बसवलाय, आणि त्याचा धूर बाहेर नेणारी नळी आहे का?

गॅस पुरेशा हवेविना जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या २०० पटींहून जास्त जोराने चिकटतो. सुरुवातीची लक्षणं तुम्ही लिहिलीत तशीच असतात : डोकं जड, कधी मळमळ, गरगरणं, आणि घराबाहेर पडलं की आराम. घट्ट खिडक्यांच्या घरात यात आणखी एक भर पडते. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन हवा बाहेर ओढत राहतो, तिची जागा भरून काढायला दुसरी हवा आत येऊ शकत नाही, मग गीझरच्या नळीतून धूर उलटा घरात येऊ शकतो. गॅस गीझर बाथरूमच्या आत असेल तर तो वापरणं आजच थांबवा आणि जाणकाराकडून बाहेर हलवून घ्या. घरात गॅसवरचं काहीही असो, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावाच. कुणाला अचानक गरगरलं तर कारण शोधत बसू नका. सगळ्यांनी आधी घराबाहेर पडायचं आणि डॉक्टर गाठायचा. प्युरिफायर हा वायू अडवत नाही, कितीही चांगल्या प्रतीचा घेतला तरी.

हे तपासून झालं आणि तिथे काही सापडलं नाही, असं धरून पुढचं लिहिते.

तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : बाहेरची हवा घाण, आतली स्वच्छ, आणि मध्ये खिडकीची काच. रस्त्याकडेला राहणाऱ्याला तसं वाटणारच. पण घरातली हवा वेगळीकडून कुठून येत नाही. ती बाहेरचीच असते, आणि घरात शिरल्यावर आपण तिच्यात भर घालतो. श्वास, स्वयंपाक, फर्निचरचा डिंक, ओले कपडे, फरशी पुसायचं औषध, सुगंधी यंत्र. काच घट्ट लावली की बाहेरची धूळ कमी होते हे खरं, पण आतली भर आतच साठत जाते. १९७३च्या तेलसंकटानंतर अनेक देशांत वीज-इंधन वाचवायला इमारती घट्ट बंद बांधू लागले आणि थोड्याच वर्षांत तिथे बसून काम करणाऱ्यांच्या तक्रारी सुरू झाल्या. डोकेदुखी, डोळ्यांची जळजळ, थकवा, आणि इमारत सोडली की आराम. १९८०च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने या लक्षणांच्या गटाची दखल घेतली. तुमचं पत्र वाचून मला तेच आठवलं.

हिरव्या दिव्याचं म्हणाल तर तुमचं यंत्र बरोबरच सांगतंय. फक्त ते एकच गोष्ट सांगतं : हवेत पीएम २.५ किती, म्हणजे २.५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण किती. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज येईल. खिडक्या बंद आहेत, म्हणून कण कमी आहेत. पण तुमच्या श्वासाचं काय झालं, कपाटातून काय बाहेर पडतंय, हे त्या यंत्राला दिसतच नाही.

श्वासाचं मी स्वतः मोजून पाहिलंय. उशाशी कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र ठेवलं. रात्री साडेदहाला आकडा होता ६१० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ६१० भाग. बाहेरच्या मोकळ्या हवेत तो ४२०च्या आसपास असतो. दार-खिडकी लावली, एसी सुरू केला आणि आम्ही दोघं झोपलो. दीड वाजता जाग आली तेव्हा १,७४०. पहाटे पाचला २,४८०. उठून खिडकी पूर्ण उघडली, खोलीचं दारही उघडलं आणि तिथेच उभी राहून आकडा उतरताना बघत बसले. वीस-पंचवीस मिनिटांत तो हजाराच्या खाली आला. दुसऱ्या रात्री एवढंच केलं, की खोलीचं दार लावलं नाही. सकाळी १,०५०.

यात जादू नाही. झोपेत मोठा माणूस तासाला साधारण १२ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. दहा बाय बाराच्या खोलीत जेमतेम ३० घनमीटर हवा मावते. खोली अगदी बंद असेल तर दोन माणसांमुळे तासाला ८०० पीपीएमच्या जवळपास भर पडते. मुलगी तुमच्याच खोलीत झोपत असेल तर तिचा वाटा वेगळा. म्युनिकमधल्या माक्स फॉन पेटेनकोफर या शास्त्रज्ञाने १८५८ सालीच सांगून ठेवलं होतं, की राहत्या खोलीतला हा आकडा हजाराच्या वर जाऊ देऊ नये. या पातळीला कार्बन डायऑक्साइड म्हणजे विष नव्हे. पण तो साठलाय याचा अर्थ त्याच्यासोबत बाकीचं सगळंही साठलंय, आणि खोलीतली हवा बदललेली नाही.

इथे एसीबद्दल सांगायलाच हवं, कारण हा गैरसमज घरोघरी आहे. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. भिंतीपलीकडच्या डब्याकडे ज्या नळ्या जातात त्यांतून एसीचा गॅस फिरतो, हवा नाही. रात्रभर खोलीतली तीच हवा तो पुन्हा पुन्हा थंड करत राहतो. गार लागतं म्हणून ताजं वाटतं, इतकंच.

आता कपाट. डोळे चुरचुरतात असं लिहिलंत, त्याचं कारण बहुधा फॉर्मल्डिहाइड असणार. प्लायवुड, एमडीएफ, पार्टिकल बोर्ड यांतले थर किंवा भुसा पुष्कळदा युरिया-फॉर्मल्डिहाइडच्या डिंकाने चिकटवतात. रंगाचा वास काही आठवड्यांत ओसरतो, हा मात्र कित्येक महिने, कधी काही वर्षंही थोडा थोडा निघत राहतो, आणि उष्णता व दमटपणा वाढला की जास्तच. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलंय. घरातल्या हवेसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे अर्ध्या तासाच्या सरासरीने घनमीटरमागे ०.१ मिलिग्रॅम. घाबरवायला हे लिहीत नाही. आठ महिने झालेत, म्हणजे सगळ्यात जोराचा काळ बहुधा मागे पडलाय. पण राहिलेलं बाहेर जायला वाट हवी.

एक करून बघा. कपाट रिकामं करून टॉर्च घेऊन आत वाका. बाहेरून गुळगुळीत सनमायका दिसतो, पण फळीची मागची कड, बिजागरीसाठी पाडलेली भोकं, वायर जायला कापलेला चौकोन, तळाची न दिसणारी बाजू इथे बोट फिरवलंत तर खरखरीत उघडं लाकूड लागेल. सगळ्यात जास्त वास तिथूनच निघतो. सुताराला बोलवून कडांना पट्ट्या लावून घ्या, भोकं आणि उघड्या बाजू बुजवून घ्या. अर्ध्या दिवसाचं काम आहे. यापुढे काही करून घ्याल तेव्हा कमी फॉर्मल्डिहाइड सोडणाऱ्या प्रतीचं बोर्ड आधीच मागा. त्याला ई-१, ई-० अशा प्रती असतात. आणि घरात कुणी नसताना, दिवसाच्या उकाड्यात, कपाटाची दारं आणि त्या खोलीची खिडकी सताड उघडी ठेवा. वास सगळ्यात जास्त तेव्हाच सुटतो, त्याला तेव्हाच जाऊ द्यावं.

सुगंधी यंत्र मात्र आजच काढून टाका. त्याने हवा स्वच्छ होत नाही, तिच्यात आणखी रसायनं मिसळतात. लिंबा-संत्र्यासारखा वास देणारं लिमोनीन हवेतल्या ओझोनशी मिळालं की त्यातून पुन्हा फॉर्मल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. ज्या घरात मूल उठल्या उठल्या शिंकतंय तिथे हे नको. त्याहून वाईट हे, की कपाटाचा वास येणं ही तुम्हाला मिळणारी सूचना होती आणि यंत्राने ती झाकून टाकली.

झाडं हौसेने ठेवा, हवेसाठी नको. १९८९मध्ये नासाने केलेल्या प्रयोगावरून हा समज पसरला, पण तो प्रयोग बंद पेटीतला होता. २०१९मध्ये अशा सगळ्या प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला. नुसत्या हवा खेळण्याने जेवढं काम होतं तेवढं झाडांकडून करून घ्यायचं, तर चौरस मीटरमागे १० ते १,००० झाडं लागतील असं त्यात निघालं.

आता सासूबाई. तुम्ही विचारलंत, त्यांना कसं समजवावं. मला वाटतं, त्या करतात ते निम्म्याहून अधिक बरोबर आहे. रात्रभर कोंडलेली हवा सकाळी बाहेर काढणं हेच तर त्या करतायत. कुणी आकडे न सांगता त्यांना ते कळलंय. फक्त वेळेबद्दल बोलता येईल. पहाटेची हवा सगळ्यात शुद्ध, असं आपण लहानपणापासून ऐकतो, पण रस्त्याकडेच्या घराला ते नेहमी लागू पडत नाही. थंडीच्या दिवसांत रात्री जमीन गार होते, तिच्यालगतची हवाही गार आणि जड होते, वर उबदार हवेचं झाकण बसतं, आणि धूर-धूळ खालीच अडकून राहते. ऊन चढलं, जमीन तापली की हे झाकण उठतं आणि कण वर विरून जातात. त्यामुळे अशा दिवसांत पहाटे पाचपेक्षा सकाळी उशिरा किंवा दुपारी खिडकी उघडणं बरं. एरवी वारा सुटलेला असेल, पाऊस पडून गेला असेल, रस्त्यावर वाहनं कमी असतील, तेव्हा बिनधास्त उघडावी. तुमचं धूळ मोजणारं यंत्र इथे खरं उपयोगी आहे. ते घरात बंद ठेवून हिरवा दिवा बघण्यापेक्षा आठवडाभर बाल्कनीत ठेवा आणि कोणत्या वेळी आकडा खाली असतो ते टिपून ठेवा. हे काम सासूबाईंवर सोपवा. खिडक्यांची वेळ त्यांनी ठरवावी, तुमच्या आकड्यांवरून. रोजच्या कुरबुरीत तुम्ही दोघी एकाच मुलीच्या काळजीने समोरासमोर उभ्या राहताय, हे मला पत्र वाचताना सारखं जाणवत होतं.

आणि एकच खिडकी उघडून फार काही होत नाही. समोरासमोरच्या दोन उघडा, मधली दारंही उघडी ठेवा. दहा मिनिटं वारा आरपार वाहिला, तर एक खिडकी तासभर उघडी ठेवल्यापेक्षा जास्त हवा बदलते.

प्युरिफायरबद्दल तुमच्या यजमानांचं म्हणणं मी मोडीत काढत नाही. रस्त्याकडेच्या घरात तो असावा, पण खिडकी कायमची बंद ठेवायला नव्हे, खिडकी उघडता यावी म्हणून. त्यातला हेपा फिल्टर, म्हणजे बारीक कण गाळणारा दाट थर, ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. डासांची जाळी त्यांना अडवत नाही, प्युरिफायर अडवतो. रात्री खिडकी दोन बोटं उघडी, प्युरिफायर सुरू : येणारी धूळ तो सांभाळेल आणि तुमचा श्वास खिडकीवाटे जाईल. एसी थोडा जास्त चालेल, तो चालू द्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये पीएम २.५साठी २४ तासांची मर्यादा घनमीटरमागे १५ मायक्रोग्रॅम केली; तुमच्या यंत्रावर खिडकी उघडी ठेवूनही त्याच्या आसपास राहता आलं तर उत्तम जमलं असं समजा.

घेताना जाहिरातीतल्या शब्दांकडे न बघता सीएडीआर हा आकडा बघा. तासाला किती घनमीटर हवा गाळून मिळते ते तो सांगतो. तुमची खोली ३० घनमीटरची असेल आणि तासाला पाच वेळा हवा गाळून हवी असेल तर १५० लागेल. पण छापलेला आकडा सगळ्यात वेगवान पंख्याचा असतो आणि त्या आवाजात कुणी झोपत नाही. म्हणून २५०-३००चा घ्या आणि मधल्या वेगावर चालवा. प्रत्येक खोलीत नको. जिथे आठ तास झोपता तिथे एक आधी लावा. ‘आयन’, ‘ओझोन’ असे शब्द असलेली यंत्रं टाळा, ओझोनने श्वासनलिका चिडतात. वास शोषणारा कार्बनचा थर बहुतेकांत अगदी पातळ असतो, लवकर भरतो, त्याच्यावर कपाटाचा भार टाकू नका. आणि फिल्टर वेळेवर बदला.

स्वयंपाकघराचं तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, पण घरातले सगळ्यात जास्त बारीक कण बहुधा तिथेच तयार होतात, तेल तापवताना आणि परतताना. धूळ मोजणारं यंत्र एकदा स्वयंपाकाच्या वेळी ओट्यापासून थोडं लांब ठेवून बघा, दिवा हिरवा राहणार नाही. गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो तो वेगळाच. तुमच्या चिमणीचा पाइप भिंतीबाहेर जातोय का, हे वर चढून खरंच बघा. पाइप नसलेली चिमणी तेलकटपणा थोडा अडवते आणि बाकीचं सगळं पुन्हा तुमच्याच तोंडावर सोडते. आणखी एक चाचणी. टिश्यू पेपरची एक पट्टी एक्झॉस्ट फॅनच्या जाळीला लावा. दार-खिडक्या बंद ठेवून बघा, मग समोरच्या खोलीची खिडकी चार बोटं उघडून बघा. पहिल्या वेळी पट्टी गळून पडली आणि दुसऱ्या वेळी जाळीला घट्ट चिकटली, तर कळेल की फॅन चांगला आहे, त्याला ओढायला हवाच मिळत नव्हती. गॅस पेटवायच्या आधी फॅन लावायचा, स्वयंपाक झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवायचा, आणि जास्त धुराचं काम शक्यतो मागच्या शेगडीवर करायचं. तिथला धूर चिमणी जास्त चांगला पकडते.

लेकीच्या शिंकांमागे मला हवेइतकाच गादीचाही संशय आहे. उठल्या उठल्या शिंका, मग दिवसभर ठीक, असं असलं की धुळीतल्या किड्यांचा विचार करावा. ते डोळ्यांना दिसत नाहीत. पाणी पीत नाहीत, हवेतली ओल शोषून जगतात, म्हणून दमटपणा ५० टक्क्यांच्या खाली राहिला तर त्यांना तग धरणं कठीण जातं. बंद घरात दोरीवर कपडे वाळवता का? यंत्रातून काढलेल्या एका धुण्यातून दोनेक लिटर पाणी हवेत जाऊ शकतं. कपडे बाल्कनीत टाका. चादरी-अभ्रे आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात धुवा. कोरडा झाडू मारून धूळ उडवण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसा, आणि पुसताना लेक खोलीत नको. बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवलेलं कपाट वीतभर पुढे ओढून मागे बघा, काळसर ठिपके दिसले तर ती बुरशी आहे; भिंतीची ओल थांबवल्याशिवाय ती नुसती पुसून जाणार नाही. आणि लेकीला एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवाच, विशेषतः रात्री खोकला येत असेल किंवा छातीतून शीळ वाजल्यासारखा आवाज येत असेल तर थांबू नका.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंत, की घर सजवताना आपणच लेकीला त्रास दिला असं वाटत राहतं. नवं घर घट्ट, नीटनेटकं करून देणाऱ्यांपैकी कुणीही तुम्हाला हवेबद्दल एक शब्द सांगितला नसणार. जे केलंत ते धुळीपासून तिला वाचवायला केलंत, आणि त्यातलं जवळजवळ सगळं तसंच ठेवून सुधारता येण्यासारखं आहे.

आता पुढचा आठवडा. कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र आणा किंवा कुणाकडून उसनं घ्या. त्यावर ‘एनडीआयआर’ असं लिहिलेलं बघून घ्या, काही यंत्रं हा आकडा मोजत नाहीत, दुसऱ्या वायूंवरून अंदाजाने दाखवतात. दोन रात्री नेहमीसारख्या काढा. मग दोन रात्री खोलीचं दार उघडं, मग दोन रात्री खिडकी दोन बोटं उघडी. रोज उठल्यावर आकडा आणि डोकं कसं आहे ते एका ओळीत लिहा. आकडा हजाराच्या आसपास आला आणि डोकं हलकं झालं, तर तुमचा मार्ग तुम्हाला सापडला. आकडा उतरला आणि डोकं तसंच राहिलं, तर हवेच्या मागे आणखी लागू नका. रक्तदाब, चष्म्याचा नंबर, झोपेतलं घोरणं आणि दात खाणं हे डॉक्टरांकडून तपासून घ्या. वही सोबत न्या, त्यांना उपयोगी पडेल.